मुठीत दोन फुंकरा

शकुंतलाबाई पामर्स्टन नॉर्थला आल्या त्या नातीला सांभाळायला. पण आठवडाभरातच नात त्यांना सांभाळायला लागली. शॉवरचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, सिग्नलचं बटण कधी दाबायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात चॉकलेटपासून बॅटरीपर्यंत सगळं मिळत असलं तरी त्याला डेअरीच का म्हणायचं, हे आठ वर्षांच्या स्वरदाने त्यांना शिकवलं, आणि तेही इंग्रजीतून. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं झकास चालायचं.

अडचण होती ती दुपारची. मुलगा शंतनु गवतावर संशोधन करणाऱ्या संस्थेत. गवतावर पीएचडी करता येते हे रत्नागिरीत कुणाला सांगून पटत नसे, ते सोडा. सून मनाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, स्वरदा शाळेत. घरात मग फ्रिज आणि शकुंतलाबाई. काशिनाथराव जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि पोराने इतक्या प्रेमाने बोलावून घेतलं असलं तरी दुपारचं रिकामं घर त्यांना अगदी खायला उठायचं.

कुंपणापलीकडे ब्रह्मदेशी कुटुंब राहत होतं. तिनबाई, त्यांची मुलगी सांदा आणि जावई. तिनबाई साठीच्या, अंगाने बारीक, गालांना पिवळसर चंदनी लेप लावून कोथिंबिरीला पाणी घालायच्या. पहिल्या दिवशी सांदाने विचारलं, इंडियात कुठून आलात? 'रत्नागिरी' म्हटल्यावर तिनबाई हातातली झारी खाली ठेवून कुंपणाशी आल्या. त्यांचा शेवटचा राजा तिथे कैदेत होता आणि तिथेच वारला, हे त्यांच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. शकुंतलाबाईंना थिबा राजाचा राजवाडा म्हणजे संध्याकाळी नवऱ्याबरोबर पाय मोकळे करायला जायची जागा. राजाबद्दल वाईट वाटून घ्यायचं इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण तिनबाईंचे डोळे भरलेले बघून त्यांनी घरच्या माणसासारखा चेहरा केला आणि म्हणाल्या, "होय हो, फार वाईट झालं."

तेव्हापासून तिनबाई त्यांना 'अमाजी' म्हणायला लागल्या. अमाजी म्हणजे थोरली बहीण. रोज दुपारी कुंपणावरून हाक यायची, "अमाजी, थमिन सा पिबी ला?" त्याचा अर्थ सांदाने सांगितला होता : भात खाल्लास का, जेवलीस का. भेटल्यावर नमस्कारासारखं हेच म्हणतात. शकुंतलाबाईंना ही रीत फार आवडली. ब्रह्मी भाषेतलं हे एकच वाक्य त्यांना यायचं, पण ते त्या असं ठसक्यात म्हणायच्या की सांदाचा नवरा एकदा त्यांच्याशी पाच मिनिटं बोलत राहिला होता.

जेवण झालं की तिनबाईंच्या घरी सिनेमा. तिनबाईंकडे ब्रह्मी सिनेमांच्या डिस्कने भरलेलं कपाट होतं. भिंतीवर देवाच्या फोटोंपेक्षा नटनट्यांचे फोटो जास्त. सिनेमे सगळे कौटुंबिक, रडके, दणकून रडके. श्रीमंत सासू, गरीब सून, हरवलेला भाऊ, दिव्याखाली शिकून डॉक्टर झालेला मुलगा. खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, आणि असती तरी शकुंतलाबाईंना चष्म्यातून वाचता आली नसती. तिनबाई चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर पुढे ठेवायच्या. "चहा उकळायचा सोडून हे लोक खातात गो," असं शकुंतलाबाईंनी मनालीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतली.

पहिल्याच सिनेमात तो म्हातारा दिसला.

हिरोईनचा बाप. साठीचा, सावळा, गळ्याशी ढिला झालेला गंजीफ्रॉक आणि खाली लुंगी. मुलगी काहीतरी रडून विचारत होती. म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही. उठला, लुंगीची गाठ सोडली, दोन्ही टोकं बाहेर ताणून धरली, लुंगीत वारा भरावा तशी एकदा फुगवली, मग पोटावर आडवी दुमडून करकचून गाठ मारली, आणि मग बोलला.

शकुंतलाबाईंच्या हातातला चमचा बशीत पडला.

हे असंच करायचे. काशिनाथराव रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर खाकी पँट, घरी आले की लुंगी. काही महत्त्वाचं बोलायचं म्हणजे आधी गाठ सोडायची आणि नव्याने बांधायची. पोराला पुण्याला शिकायला पाठवायचं ठरवलं तेव्हा हीच गाठ. जमिनीचा दावा हरले त्या दिवशी हीच गाठ. शकुंतलाबाईंनी आयुष्यभर त्यावर तोंडसुख घेतलं होतं : "अहो, बोला आधी, लुंगी कुठे पळून जात नाही."

आणि हे त्यांच्याकडे कुठेही टिपलेलं नव्हतं. फोटो होते, पण फोटोत माणूस हलत नाही. शंतनुच्या लग्नाचं शूटिंग होतं, त्यात काशिनाथराव उसन्या सुटात पुतळ्यासारखे उभे. कॅमेरा दिसला की त्यांचा पुतळाच व्हायचा. स्काइपवरही ते पासपोर्टच्या फोटोसारखे बसायचे आणि शंतनु "बाबा, नेट अडकलंय का?" असं विचारायचा. म्हणजे चालते, उठते, लुंगी बांधते काशिनाथराव जगात कुठेच उरले नव्हते. आणि ते इथे, हजारो कोसांवर, एका परक्या भाषेच्या सिनेमात उठून उभे राहिले होते.

सिनेमाच्या शेवटी म्हातारा खोकून खोकून मेला. शकुंतलाबाई अशा रडल्या की तिनबाईंनी टीव्ही बंद केला आणि त्यांचा हात धरून बसून राहिल्या. तिनबाईंचाही नवरा गेलेला होता, सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत. एवढं एक दोघींना भाषेशिवाय कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनबाईंनी नवी डिस्क लावली, आणि म्हातारा सायकलवरून येताना दिसला.

"अगो बाई, हा काल मेला ना?" शकुंतलाबाई ओरडल्याच.

हिरो तोच, हिरोईन तीच, म्हातारा तोच. मराठी मालिकांवर पोसलेल्या बाईने याचा जो अर्थ लावायचा तोच त्यांनी लावला : ही एक लांबलचक मालिका आहे, आणि काल म्हातारा मेला असं नुसतं वाटलं होतं. मालिकेत काय, चितेवरून उठून येतात. रोज संध्याकाळी त्या स्वरदाला पुढची गोष्ट सांगायच्या. हिरोची स्मृती गेली, मग तो डॉक्टर झाला, मग त्याचा जुळा भाऊ निघाला. म्हातारा दर दोन दिवसांनी मरायचा आणि परत यायचा. या गोष्टीपायी स्वरदा मराठीत प्रश्न विचारायला लागली. "आजी, मग आजोबा परत कसे आले?" ती त्या म्हाताऱ्याला आजोबाच म्हणायची. कारण आजी सांगता सांगता उठून, साडीवरूनच, लुंगी बांधून दाखवायची.

एकदा मात्र तिने कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "आजी, दे आर ऑल डिफरंट मूव्हीज. सेम ॲक्टर्स. तिनआजी टोल्ड मी."

"गप बस. तुला काय कळतंय."

पण शकुंतलाबाईंना ते चांगलं ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिथे चार नट वर्षभरात पन्नास सिनेमे करतात, हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. पण मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर परत येतो, इतकी चांगली सोय देवानेही कुणाची केलेली नाही. ती आपल्या हाताने मोडायची कशाला?

ऑगस्टमध्ये सांदा बातमी घेऊन आली. ब्रह्मदेशात मोठे पूर आले होते. पूरग्रस्तांसाठी तिथले नट परदेशात सिनेमा घेऊन फिरत होते. पुढच्या महिन्यात ऑकलंडला, अवोन्डेलच्या एका हॉलमध्ये येणार होते : हिरो, हिरोईन, आणि ऊ ल्विन थे. म्हणजे तो म्हातारा. 'ऊ' म्हणजे आपल्याकडचं 'राव'.

शकुंतलाबाई त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत. रात्रीच्या जेवणाला विषय काढला तेव्हा शंतनुने काटा खाली ठेवला.

"आई, ऑकलंड सहा-सात तासांचा ड्राइव्ह आहे. आणि त्यातलं एक अक्षर कळत नाही तुला."

"तुझ्या गवतातलं तरी कुठे कळतं? तरी आले ना तुझी लॅब बघायला?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

काय वेगळं ते त्याला सांगता येईना, आणि का जायचंय ते त्यांना सांगता येईना. मुलाला कसं सांगायचं की तुझे बाबा शेजारच्या टीव्हीत आहेत? पोरगा डॉक्टरकडे नेईल. ऑक्टोबरमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं. परत गेल्यावर रत्नागिरीत ना तिनबाई, ना कपाट. एकदा त्या माणसाला समोर चालताना, उठताना, गाठ बांधताना बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

प्रश्न असा सुटला की एका दुपारी शंतनु लवकर घरी आला आणि आईला बोलवायला शेजारी गेला. दारात उभं राहून "आई, चल" म्हणेपर्यंत समोर पडद्यावर म्हातारा उठला आणि त्याने गाठ सोडली. शंतनु बूट न काढता आत आला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसला. तो सिनेमा संपेपर्यंत उठला नाही. घरी जाताना कुंपणाशी थांबून एवढंच म्हणाला, "रविवारी ना? शनिवारी वाटेत हॅमिल्टनला माझ्या मित्राकडे, यतीनकडे राहू. मी फोन करतो त्याला."

अवोन्डेलचा हॉल माणसांनी फुलून गेला होता. बायका रेशमी लुंग्यांत, केसांत फुलं, दारापाशी नूडल्सच्या रश्शाचे मोठे टोप. सिनेमा झाला. म्हातारा मेला. सगळा हॉल नाकं पुसत असतानाच नट स्टेजवर आले आणि किंकाळ्या सुरू झाल्या. तिनबाई, एरवी बौद्ध मठात बसल्यासारख्या शांत, हिरोबरोबर फोटो काढायला कोपराने वाट काढत पुढे घुसल्या.

शकुंतलाबाई म्हाताऱ्याला शोधत होत्या. तो सापडला तो टोपांच्या बाजूला, एकटाच, प्लास्टिकची वाटी घेऊन नूडल्स खाताना. जीन्स, निळं फुगीर जॅकेट, पांढरे स्पोर्ट्स शूज, केस काळेभोर रंगवलेले. वाटी संपवून तो कचऱ्याच्या डब्याकडे गेला, तरण्या पोरासारखा टणाटणा. ही चाल काशिनाथरावांची नव्हती. हसणंही नव्हतं. मान वळवणंसुद्धा नव्हतं. इतक्या दुपारी ज्याची वाट बघितली तो माणूस हा नव्हताच, आणि तो कुठेच नव्हता.

"आई, जायचं?" शंतनुने हळूच विचारलं. त्यालाही दिसलं होतं.

"आता आलोय तर विचारते," त्या म्हणाल्या. त्या बोलायच्या, शंतनु ते इंग्रजीत सांगायचा, सांदा ब्रह्मीत करायची, आणि उत्तर त्याच रस्त्याने उलटं यायचं. "त्यांना म्हणावं, सिनेमात लुंगीची गाठ सोडून परत बांधता, ते कुठे शिकलात?"

प्रश्न पोचला तसा ऊ ल्विन थे यांचा चेहरा बदलला. त्यांनी चार खुर्च्या ओढल्या आणि समोर बसले.

ते त्यांच्या वडिलांचं होतं. वडील नदीवर होडी चालवायचे. बोलायचं असलं की आधी गाठ. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एक फोटोदेखील नव्हता. "मला मरायचीच कामं देतात," सांदा त्यांचं बोलणं सांगत होती. "मी दिग्दर्शकाला सांगतो, मारा, पण मरायच्या आधी एकदा लुंगी बांधू द्या. असा मी प्रत्येक सिनेमात वडिलांना थोडा वेळ घेऊन येतो. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

म्हणजे इतके महिने शकुंतलाबाई दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांना बघून रडत होत्या. आणि हा माणूस तेच करत होता जे त्यांना करता आलं असतं तर त्यांनी केलं असतं.

"तुमच्या घरी कोण बांधायचं?" ऊ ल्विन थे यांनी विचारलं.

मग शकुंतलाबाईंनी सांगितलं. गाठ अगदी हीच. पण आमच्या ह्यांचं त्याच्यापुढे एक होतं. जन्मभर माइकवर 'कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे' सांगायची सवय. माइक चालू आहे का बघायला आधी दोनदा फुंकर मारायची. ती सवय घरात आली. गाठ बांधून झाली की मूठ तोंडाशी धरायची, फू, फू, आणि मग बोलायचं.

"आई, हे तू कधी बोलली नाहीस," शंतनु मराठीत म्हणाला. भाषांतर करायचं तो विसरला होता.

"बोलून काय करू? शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात मी सकाळपासून उशाशी बसून होते. नर्स म्हणाली, जाऊन काही खाऊन या. मी म्हटलं, नंतर. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मूठ तोंडाशी नेली, दोनदा फुंकर मारली. मी कान जवळ नेला. आणि नर्सने धावत येऊन नळी लावली, मला बाहेर काढलं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "काय सांगायचं होतं कोण जाणे. कपाटाची किल्ली म्हणा, तुझं काही म्हणा, नाहीतर माझ्याबद्दलची तक्रार. दोन वर्षं झाली, मी आपली अंदाज करत बसते."

शंतनुने ते इंग्रजीत सांगितलं, सांदाने ब्रह्मीत. ऊ ल्विन थे उठून उभे राहिले. जीन्सच्या कमरेला हात लावून त्यांनी नसलेल्या लुंगीची नसलेली गाठ सोडली, ताणली, बांधली. मग मूठ तोंडाशी नेली.

"अशी नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मान जरा खाली. अंगठा वर. हं. आता फुंका."

त्यांनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. "दुसरी जरा लांब," शकुंतलाबाईंनी सांगितलं. हॉलमध्ये हिरोच्या नावाने आरडाओरडा चालला होता आणि एका कोपऱ्यात रत्नागिरीची एक बाई ब्रह्मदेशच्या नटाची तालीम घेत होती. चौथ्या वेळी ते इतकं बरोबर आलं की शंतनुने तोंड फिरवलं.

"आणि मग काय बोलायचं?" ऊ ल्विन थे यांनी विचारलं.

"तेच तर राहिलं हो," शकुंतलाबाई म्हणाल्या.

ऊ ल्विन थे खाली गुडघ्यांवर बसले, हात जोडून कपाळाला लावले आणि जमिनीपर्यंत वाकले. त्यांच्याकडे मोठ्यांना असंच करतात. शकुंतलाबाईंनी, सवयीने, "औक्षवंत व्हा," म्हटलं.

ऑक्टोबरमध्ये त्या रत्नागिरीला परतल्या. पुढचं वर्ष गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेलं. परत न्यूझीलंडला आल्या त्या दोन हजार सतराच्या हिवाळ्यात, हातात काठी घेऊन. स्वरदा आता दहा वर्षांची होती, उंच झाली होती आणि मराठीत बोलायची, चुकतमाकत, पण बोलायची. तिनबाईंचं कपाट मात्र रिकामं झालं होतं. सिनेमे आता फोनवर येत होते, सांदाने ते टीव्हीला जोडून दिले होते.

"अमाजी! थमिन सा पिबी ला?" तिनबाईंनी दारातच मिठी मारली, आणि आत नेऊन आधी टीव्हीसमोर बसवलं. सांदा म्हणाली, आईने हा सिनेमा वर्षभर ठेवलाय. निम्मा बघून बंद केला, म्हणाली अमाजी आल्याशिवाय पुढे बघायचा नाही.

शंतनु आला, मनाली आली, स्वरदा आजीच्या मांडीला टेकून बसली. सिनेमा नेहमीसारखाच. मुलगी शहरात जाते, फसते, काही वर्षांनी घरी परतते. बाप ओटीवर बसलेला. ऊ ल्विन थे यांनी आता केस रंगवणं सोडलेलं दिसत होतं. मुलगी अंगणात उभी, बोलायचं धैर्य नाही. बाप तिच्याकडे बघत राहतो. आता हा रागावणार, हाकलून देणार, असं वाटतं.

बाप उठला. लुंगीची गाठ सोडली, ताणली, फुगवली, बांधली.

"आजी," स्वरदा कुजबुजली.

मग त्याने मूठ तोंडाशी नेली. मान जरा खाली, अंगठा वर. पहिली फुंकर आखूड, दुसरी लांब.

"आजोबा!" स्वरदा म्हणाली. स्काइपवरचा पुतळा सोडला तर तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शकुंतलाबाईंनी काठी घट्ट धरली. एकही अक्षर न कळणाऱ्या त्या भाषेत आता काय येणार होतं कुणास ठाऊक. पडद्यावरच्या माणसाने मूठ खाली घेतली, मुलीकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"थमिन सा पिबी ला?"

सांदाने अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मनालीने शंतनुचा हात धरला.

सकाळपासून उशाशी बसलेली बायको. नर्स म्हणतेय खाऊन या, ती म्हणतेय नंतर. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस डोळे उघडून तिच्याकडे बघतो, तेव्हा तो किल्लीचं विचारेल की काय? इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचं शकुंतलाबाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे वाहायला लागले.

"नाही हो," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "सकाळपासून काहीच नाही."

तिनबाईंना मराठी येत नव्हती. पण त्या उठल्या, आत गेल्या आणि भाताचा कुकर लावला.